पन्नास लिटर पाणी

मेलेले मासे उचलायचं काम मावशींच्या कामांच्या यादीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. फरशी पुसणं होतं, चादरी बदलणं होतं, पेशंटला धरून वजनकाट्यावर उभं करणं होतं. पण गेले सात महिने, सकाळी सेंटरचं कुलूप उघडलं की मावशींचे पाय आधी कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीकडे वळत. कुणी उताणा तरंगत असला तर त्याला जाळीने काढायचं, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि पहिला पेशंट जिना चढून वर यायच्या आत कचऱ्यात टाकायचं. व्यवस्थापकसाहेबांचा तसा हुकूमच होता. "पेशंटच्या नजरेला पडता कामा नये. मनावर परिणाम होतो."

सेंटर डायलिसिसचं होतं. ज्यांच्या किडन्या थकल्या आहेत अशी माणसं आठवड्यातून तीनदा यायची, चार-चार तास खुर्चीत पडून राहायची आणि शेजारचं मशीन त्यांचं रक्त नळीतून घेऊन, धुऊन परत द्यायचं. सहा मशीन, सहा खुर्च्या. सकाळच्या पाळीला तीच सहा माणसं आणि ज्याची त्याची ठरलेली खुर्ची. मासे बघून रक्तदाब उतरतो असं डॉक्टरबाईंनी कुठेतरी वाचलं होतं, म्हणून टाकी आली. टाकीबरोबर टाकीवाला आला. दर सोमवारी तो पिशव्या घेऊन यायचा आणि आठवड्याभरात जे जे मेलं असेल त्याच्या जागी त्याच रंगाचं, त्याच मापाचं दुसरं सोडून जायचा. कुणाच्या लक्षात येत नाही, असा त्याचा अनुभव होता.

मावशी सत्तावन्न वर्षांच्या. ठेंगण्या, रुंद, आणि आवाज तीन मजल्यांना पुरेल असा. नवऱ्याला जाऊन वीस वर्षं झालेली. धाकट्या बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहायच्या. नाकावर माशी बसू द्यायची नाही हा स्वभाव. सेंटरमधले लोक पाठीमागे त्यांना 'तोफ' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं. रोज सकाळी मशीनला जाणारं पाणी तपासायचं कामही त्या करत. ते खरं तर टेक्निशियनचं काम, पण तो कायम उशिरा यायचा, म्हणून डॉक्टरबाईंनी एक दिवस मावशींनाच शिकवलं. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे. पिवळी झाक आली तर पाण्यात क्लोरीन आहे, म्हणजे मशीन सुरू करायचं नाही. क्लोरीनचं पाणी रक्तात गेलं तर रक्ताची माती होते. सहा वर्षांत मावशींची एक सकाळ चुकली नव्हती.

अशा बाईला मासे का मरतात हा प्रश्न सात महिने पडला नाही, याची त्यांना पुढे फार लाज वाटली.

प्रश्न पडला तो घड्याळकाकांमुळे. काका नवे पेशंट. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला, बारीक, तिरकस माणूस. सहा नंबरची खुर्ची मिळाली, म्हणजे टाकीला अगदी खेटून. तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्यांनी मावशींना बोलावलं.

"मावशी, शुक्रवारी इथे काळा मासा होता. उजव्या कल्ल्यावर पांढरा ठिपका होता त्याच्या. आज ठिपका नाही."

"तोच आहे हो काका. उजेडामुळे तसं वाटतं."

"चाळीस वर्षं मी भिंगातून बघतोय. मला उजेड शिकवू नका. तो मेला आणि त्याच्या जागी हा आणला. खरं की नाही?"

दोन नंबरच्या खुर्चीवरून गणिताच्या बाईंनी मान वर केली. शाळेतून निवृत्त झालेल्या, शांत बाई. "म्हणजे बदलतात?" त्यांनी विचारलं. "मी सात महिने त्या पिवळ्याशी मनातल्या मनात बोलतेय. किती पिवळे झाले मग?"

मावशींनी मनात मोजलं. नऊ झाले होते. तोंडाने मात्र त्यांना एकही आकडा सांगवेना. त्या बादली उचलून बाहेर गेल्या आणि जिन्यात उभ्या राहिल्या. आयुष्यात कुणासमोर खाली मान घातली नव्हती, ती आज एका खोट्यासाठी घातली. आणि ते खोटं त्यांचं स्वतःचंही नव्हतं.

काकांच्या पुढच्या खेपेला त्या त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या. "सांगा. का मरतात?"

काकांच्या घरी तीस वर्षं मासे होते. त्यांनी एकेकाची ओळख करून दिली. हा गोल्डफिश, याला थंड आणि भरपूर पाणी लागतं, तो इतकी घाण करतो की एकटाच टाकी बुडवेल. हे पट्टेवाले बार्ब, गुंड जात. त्या लांब पंखांच्या एंजलचे पंख कुरतडतात, बघा कडा कशा फाटल्यात. हा फायटर कोपऱ्यात अंग चोरून बसलाय तो भित्रा म्हणून नाही, त्याला प्रवाह सोसत नाही. आणि काच चाटणारा हा काळा उद्या हातभर होईल. "ही टाकी नाही मावशी. भांडकुदळ भाडेकरू एका खोलीत कोंडलेत. आणि पाणी कुठलं घालतो तो?"

"नळाचं," मावशी म्हणाल्या, आणि बोलता बोलताच थांबल्या. नळाचं. थेट. ज्या पाण्यात थेंब टाकला की नळी पिवळी होते ते.

सोमवारी टाकीवाला जिना चढून आला तेव्हा मावशी टाकीपुढे पदर खोचून उभ्या होत्या.

"आज एकही मासा आत जाणार नाही."

तो हसला. "मावशी, तुम्ही फरशी पुसा."

"पुसली. आता तुला पुसतेय. सात महिन्यांत किती मारलेस?"

बाचाबाची साहेबांच्या केबिनपर्यंत गेली. साहेब म्हणजे टापटीप माणूस, बोलताना पेन टेबलावर आपटायचे. "मावशी, तुमचं काम काय?"

मावशींनी यादी पाठ म्हटली. "आणि मेलेले मासे उचलायचं कुठल्या कलमात बसतं, ते दाखवा. मी उद्यापासून उचलणार नाही. तरंगू देत. बघू देत सगळ्यांना."

पेन थांबलं. साहेब काही मूर्ख नव्हते. "ठीक आहे. एवढं कळतं तर तुम्हीच सांभाळा. दोन महिने देतो. टाकी देखणी दिसली नाही तर भंगारात, आणि तिथे टीव्ही."

"चालेल," मावशी म्हणाल्या. घरी बहिणीने हे ऐकून कपाळावर हात मारला. "अगं, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मुकाट्याने काढ ना!"

"मुकाट्याने काढलीत तेवढी पुरे झाली."

टाकीवाला उरलेले मासे पिशवीत भरून घेऊन गेला. आणि मग काकांनी जे सांगितलं त्यावर खुद्द मावशींचाच विश्वास बसेना. सहा आठवडे टाकीत मासा सोडायचा नाही. फक्त वाळू, वनस्पती आणि पाणी. पाणी मात्र मशीनसाठी कोळशाच्या टाकीतून गाळून येणाऱ्या नळाचं, ज्यातलं क्लोरीन निघून गेलेलं असतं. काकांच्या बायकोने घरच्या टाकीतल्या वनस्पती ओल्या कागदात गुंडाळून आणल्या आणि बरोबर एक काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज. मावशींनी तो बघताक्षणी साबण घेतला.

"खबरदार!" काका खुर्चीतून ओरडले. "तो धुवायचा नाही. त्यातच सगळी दौलत आहे. माशांची घाण पचवणारे जंतू."

उभं आयुष्य धुण्यात गेलेल्या बाईला घाण स्पंज जसाच्या तसा फिल्टरमध्ये बसवताना अंगावर काटा आला. त्याहून वाईट म्हणजे रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाकायचं. जंतूंची भूक भागायला हवी. मासे नाहीत आणि मावशी जेवायला वाढतायत, हे बघून टेक्निशियन भिंतीला टेकून हसला. दुसऱ्या आठवड्यात अर्ध्या वनस्पतींची पानं कुजून गळाली. साहेब जाता-येता थांबायचे. "मावशी, गवत छान आहे. गाय कधी येणार?"

"येईल साहेब. तुमच्याच केबिनमध्ये बांधू."

काकांनी अमोनिया तपासायचं औषधही दिलं होतं. त्यात हिरवं म्हणजे विष आणि पिवळं म्हणजे ठीक. मशीनच्या पाण्यात पिवळं वाईट आणि माशांच्या पाण्यात पिवळं चांगलं. पहिले चार दिवस मावशींचा गोंधळ उडाला, मग दोन्ही नळ्यांच्या खोक्यांवर त्यांनी जाड अक्षरात लिहून ठेवलं. पहिले तीन आठवडे नळी हिरवीगार. चौथ्यात पोपटी. सहाव्या आठवड्यात एका सकाळी स्वच्छ पिवळी. त्याच सुमाराला गळालेल्या वनस्पतींना बुडातून नवी पानं फुटली. मावशींनी ती नळी सहाही खुर्च्यांपुढे फिरवली.

आता कुठले मासे, यावर चार दिवस नुसता गदारोळ. एक नंबरचा ड्रायव्हर, जन्मभर लांब पल्ल्याच्या बस चालवलेला धिप्पाड माणूस, त्याला शार्क हवा होता. कुणाला सोनेरी हवा होता, कुणाला लाल. काकांनी सगळ्यांना गप्प केलं. "आवड नंतर. आधी चार गोष्टी. मोठा होऊन केवढा होईल? एकटा राहतो की घोळक्याने? वर राहतो, मध्ये की तळाला? आणि पाणी सगळ्यांना एकसारखं मानवतं का?"

"आणि पाणी किती आहे, हे कुणी मोजलं का?" गणिताच्या बाई म्हणाल्या. मोकळ्या हाताने त्यांनी बिलाच्या पाठीवर हिशोब मांडला. लांबी साठ, रुंदी तीस, उंची छत्तीस. त्यातून तळाची वाळू वजा, वरची मोकळी जागा वजा. "पासष्ट लिटरची टाकी म्हणतात ती. पाणी आहे पन्नास लिटर. ड्रायव्हरसाहेब, तुमचा शार्क यात वळायचा सुद्धा नाही."

"बस वळवलीय मी याहून कमी जागेत," ड्रायव्हर पुटपुटला, पण त्याने माघार घेतली.

वर्गणी काढली. सुट्टीच्या दिवशी मावशी बहिणीला घेऊन माशांच्या दुकानात गेल्या आणि दुकानदाराला दोन तास भंडावलं. "आधी खाताना दाखव. जे खात नाही ते नको." शेवटी घेतले आठ रासबोरा: बोटाच्या दोन पेरांएवढे, तांबूस, मागच्या अंगावर काळा त्रिकोण. मधल्या थरात घोळक्याने फिरणारे, गरीब स्वभावाचे. पिशवी टाकीत तरंगत ठेवली, मग पेल्या-पेल्याने टाकीचं पाणी पिशवीत घातलं, आणि तासाभराने जाळीने एकेक आत. दुकानाचं पाणी एक थेंब आत जाऊ दिलं नाही. एवढं आपण कुणा पेशंटला तरी जपलंय का, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. जपलं होतं, पण त्यासाठी कुणाशी भांडावं लागलं नव्हतं.

दोन आठवडे गेले. आठच्या आठ जिवंत. साहेबांची मुदत संपली, पण टीव्हीचं नाव त्यांनी काढलं नाही. मग तळाला सहा छोट्या कोरी आणल्या, मिशा हलवत वाळू चाळत फिरणाऱ्या. राहिला वरचा थर. तिथे गुरामी, यावर एकमत. पण काकांना जोडी हवी होती.

"एकच," मावशी म्हणाल्या.

"जोडीने शोभा येते."

"दुकानदाराला पिल्लांतले नर-मादी ओळखता येत नाहीत. दोन नर निघाले तर एकमेकांचा जीव काढतील. पन्नास लिटरमध्ये पळायचं कुठे? तुम्हीच शिकवलंत."

"मी शिकवलं म्हणून मलाच?"

"मग कुणाला?"

काका त्या दिवशी चार तास तोंडावर चादर ओढून पडले. मावशींनी एकच मधाळ रंगाची गुरामी आणली. पुढच्या खेपेला काकांनी चादरीच्या फटीतून तिला बघितलं आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "नजर आहे तुम्हाला."

त्याच महिन्यात गणिताच्या बाई गेल्या. घरीच, दुपारी झोपेत. सकाळी साहेबांनी मावशींना बाजूला घेतलं. "विचारलं तर सांगायचं, पाळी बदलली. नेहमीसारखं." नेहमी तसंच सांगायचे. खुर्चीवर नवी चादर, नवं माणूस, आणि बाकीच्यांनी काय ते समजून घ्यायचं.

मावशी वॉर्डात गेल्या. पाच जण मशीनला लावलेले होते, दोन नंबर रिकामी होती. त्या मधोमध उभ्या राहिल्या. "गणिताच्या बाई काल गेल्या. दुपारी. त्रास झाला नाही, मुलीचा फोन आला होता."

मग ड्रायव्हर म्हणाला, "बरं केलंत सांगितलंत." त्याने डोळे पुसले. एका हाताला सुया होत्या, म्हणून दुसऱ्या हाताने, वेडेवाकडे.

साहेबांना ते कळलं तेव्हा त्यांनी फक्त पेन आपटलं. पण मनात ठेवलं.

दोन महिन्यांनी नवं मशीन यायचं होतं, देणगीदार बघायला येणार होते. ते यायच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराला, साहेब टाकीवाल्याला घेऊन थेट वॉर्डात आले. टाकीवाल्याच्या हातात भली मोठी पिशवी आणि तीत चार भगवे पोपटमासे, तळहाताएवढे.

"टाकी छान आहे," साहेब म्हणाले. "पण लांबून काही दिसत नाही. पाहुणे दारातून बघणार. जरा भरदार हवं."

मावशी पुढे झाल्या. "हे उद्यापर्यंत रासबोरा गिळतील. वनस्पती उपटतील. अजून दुप्पट होतील हे."

"पाहुणे गेले की काढू."

"काढायला उरेल काय? सरका तुम्ही."

"सरकायचं कुणी? मावशी, ही टाकी सेंटरची आहे!"

"टाकी सेंटरची. जीव आम्ही आणलेत."

टाकीवाल्याने झाकणाला हात घातला. मावशींनी दोन्ही हातांनी ते दाबून धरलं. तेवढ्यात सहा नंबरचं मशीन किंचाळलं. काकांनी सुयांचा हात मुद्दाम वाकवला होता. नळी दुमडली की मशीन थांबतं आणि भोंगा वाजवतं. ड्रायव्हरने काकांकडे बघितलं आणि आपलाही हात वाकवला. मग तिसरा, मग चौथा, मग पाचवा. दोन नंबरवर नुकताच आलेला पेशंट, त्याला धड काही माहीत नव्हतं, पण त्यानेही वाकवला. सहाच्या सहा भोंगे. ज्यांना खुर्चीतून उठताही येत नव्हतं, त्यांनी सगळा मजला डोक्यावर घेतला.

डॉक्टरबाई चपला हातात घेऊन धावत आल्या. "काय झालं? कुणाला काय झालं?"

"आम्हाला काही नाही," काका म्हणाले. "त्या पिशवीला बाहेर काढा, हात सरळ करतो."

डॉक्टरबाईंनी आधी सगळ्यांचे हात सरळ करवले, मशीन सुरू केली, आणि सहाही जणांना असं झापलं की ड्रायव्हरने सुद्धा मान खाली घातली. रक्त नळीत गोठलं असतं तर? मग त्या मावशींकडे वळल्या. मावशींनी सांगितलं: किती पाणी, कोण कुठे राहतं, आणलेला मासा केवढा होणार. काही लपवलं नाही, आवाजही चढवला नाही. डॉक्टरबाईंनी पोपटमाशांकडे पाहिलं, कोरींकडे पाहिलं. "पिशवी परत न्या," त्या टाकीवाल्याला म्हणाल्या. साहेबांकडे त्यांनी पाहिलंच नाही. ते साहेबांना जास्त लागलं.

पाहुणे आले, गेले. एका पाहुण्या बाई टाकीपुढे इतक्या रेंगाळल्या की चहा गार झाला.

तिसऱ्या दिवशी मावशींच्या हातात मेमो पडला. शिस्तभंग, वरिष्ठांशी उद्धट वर्तन, पेशंटांना चिथावणी. तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा. बहिणीने रात्री जेवताना विनवलं, "माफी लिही. दोन ओळी. तुझं काय जातं?" मावशींनी लिहिल्या दोनच ओळी. 'मासे परत पाठवायला लावले, हे खरं आहे. पुन्हा आणले तर पुन्हा परत पाठवीन. पेशंटांना मी काही सांगितलं नाही, ते स्वतः शहाणे आहेत.' तिसरी ओळ आपोआप आली, असं त्या म्हणत.

बदली झाली तळमजल्यावर, चादरींच्या खोलीत. टाकीच्या काचेवर छापील नोटीस लागली: अनधिकृत व्यक्तींनी हात लावू नये. पण वर पहिल्याच खेपेला काकांनी राउंडला आलेल्या डॉक्टरबाईंना विचारलं, "मावशी कुठे आहेत?" मग ड्रायव्हरने. मग तिसऱ्याने. सहा जण, दर खेपेला, एकामागून एक, तोच प्रश्न, तेच शब्द. दुपारच्या पाळीलाही हे लोण पोचलं. आता एका दिवसात बारा वेळा. मावशी खाली चादरींच्या घड्या घालत होत्या आणि जेवणाच्या सुट्टीत वर जाऊन, दाराच्या काचेतून, आत पाय न टाकता मासे मोजत होत्या. आठ, सहा, एक.

अकराव्या दिवशी डॉक्टरबाई स्वतः खाली आल्या. "मावशी, वर चला. मला राउंड घेता येईनासा झालाय."

"मेमो?"

"तो फाईलमध्ये राहील. तेवढं मला करता येणार नाही."

"राहू दे. माझा खुलासाही त्याच्यासोबत राहील ना?"

"राहील."

"मग चला."

दुसऱ्या सकाळी मावशींनी आधी मशीनचं पाणी तपासलं, मग टाकीचं. अकरा दिवसांत काचेवर शेवाळ चढलं होतं. त्यांनी पातं घेतलं आणि आतून-बाहेरून काच खरवडायला बसल्या. डॉक्टरबाई आल्या, थबकल्या.

"मावशी, इथे नोटीस होती ना?"

"शेवाळाबरोबर निघाली, मॅडम."

सहा नंबरच्या खुर्चीतून खोकल्यासारखा आवाज आला. काका हसत होते. मग त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, आता तळाला थोडे झिंगे सोडायला हरकत नाही, पाच-सहाच, लाल.

"आधी गुरामीला विचारते," मावशी म्हणाल्या. "ती खाईल की नाही ते कळल्याशिवाय एकही नाही."